पोशीरच्या वहीची चिठ्ठी

जून महिना, दुसरा सोमवार, सकाळचे पावणेअकरा. हजर: मी, संगणकावर बसणारी स्वप्नाली, पोशीरच्या सुमनताई, त्यांची भाची प्राजक्ता. गैरहजर: पोशीर गावाची जन्ममृत्यूची जुनी वही.

हे माझ्या डायरीतले त्या दिवसाचे पान. नोकरी लागल्यापासून रोज सकाळी टेबलाशी बसले की मी आधी दिवस लिहिते, मग कोण कोण आहे ते, आणि मग करायची कामे. झालेल्या कामापुढे बरोबरची खूण, न झालेले दुसऱ्या दिवशीच्या पानावर. घरी यावरून माझी भरपूर थट्टा होते. आमच्या ह्यांचे म्हणणे असे की लग्नाच्या दिवशीही मी मांडवात हजेरी घेतली असणार. घेतली होती. पण ती पंगतींचा अंदाज यावा म्हणून.

मी कर्जतमधल्या एका सरकारी कार्यालयात आहे. कोणत्या ते लिहीत नाही, कारण निवृत्तीला अजून काही वर्षे आहेत. माझ्याकडे अभिलेख कक्ष आहे. आमच्या भागातल्या गावांचे जुने कागद तिथे असतात. एका गावाच्या वह्या एकावर एक रचायच्या, खाली-वर पुठ्ठा लावायचा, लाल कापडात गुंडाळून चारी टोके बांधायची, की झाला बस्ता. बस्त्याला क्रमांक. क्रमांकाची नोंद रजिस्टरात. रजिस्टर माझ्या खणात आणि खणाची किल्ली माझ्या पर्समध्ये. नवीन माणूस खोलीत आला की लाल गाठोड्यांच्या रांगा बघून विचारतो, यात तुम्हाला सापडतं कसं? सापडते. बस्ता कुठल्या मांडणीवर, वरून कितवा, आत वही कितवी, हे आमच्या हातांना माहीत असते. दिवे गेले असतानाही मी नेरळ पट्ट्यातले कुठलेही गाव काढून दिले आहे.

हे सगळे मला भिकूमामांनी शिकवले. ते कक्षाचे शिपाई, पण मालक म्हटले तरी चालेल. मी नवी लागले तेव्हा त्यांनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगितल्या. एक, बस्त्याला ओलांडून जायचे नाही. दुसरी, चिठ्ठीची.

चिठ्ठी म्हणजे अशी. बस्त्यातून एखादी वही बाहेर दिली, तर तिच्या जागी एक कागद ठेवायचा. काय दिले, कोणाला दिले, कशासाठी दिले, खाली सही. आणि शेवटी एक ठरलेले वाक्य: परत आल्यावर ही चिठ्ठी फाडावी. ज्याने लिहिली त्यानेच फाडायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. हा नियम कुठल्या पुस्तकात आहे ते मी कधी शोधले नाही. भिकूमामा म्हणाले म्हणजे नियम होता. आणि चांगला होता. वही जागेवर नसली तरी ती कुठे आहे हे जागाच सांगत असे.

मग संगणक आला. सगळ्या जुन्या वह्यांची पाने यंत्राखाली धरून त्यांच्या प्रती संगणकात ठेवायच्या, असे वरून ठरले. काम घेतलेल्या मंडळींनी आमच्याकडे यादी मागितली. यादी म्हटल्यावर मी कशाला मागे राहते? रजिस्टर समोर ठेवून तीन दिवसांत सुबक यादी केली: मांडणी क्रमांक, बस्ता क्रमांक, आतला अनुक्रमांक, गावाचे नाव. स्वप्नाली तेव्हा नुकतीच कंत्राटावर रुजू झाली होती. नेरळची, तिशीची, एका मुलाची आई, बोलायला स्पष्ट. ती यादी बघून म्हणाली, "मॅडम, संगणकात मांडणी नसते."

मी म्हटले, "मग शोधायचं कसं?"

"गावाचं नाव टाकायचं. येतं समोर."

"आणि ते ठेवलेलं कुठे असतं?"

ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही म्हणाल तिथे."

तेव्हा तिचे उत्तर मला उर्मट वाटले होते. आता वाटते की तिने सगळे सांगून टाकले होते आणि मला ते ऐकू आले नव्हते. कागद एका वेळी एकाच जागी असतो. त्यामुळे जागा सांगितली की आमच्या लेखी काम झाले. आम्ही संगणकालाही जागाच विचारत राहिलो. तिथे आजही आमच्या प्रतींची नावे मांडणी चार, बस्ता एकोणीस अशी आहेत, आणि ती मांडणी चार मोडून लोखंडी कपाटे आली त्यालाही बरीच वर्षे झाली.

आमच्या सवयी अशा की सांगायला मजा वाटते. सगळ्या प्रतींची एक राखीव हार्डडिस्क आहे. ती आली तेव्हा ठेवायची कशी असा प्रश्न पडला. साहेब म्हणाले, जपून ठेवा. जपून ठेवण्याची एकच रीत आम्हाला माहीत. तिला खाली-वर पुठ्ठा लावला, लाल कापडात बांधली, बस्ता क्रमांक दिला आणि रजिस्टरात चढवली. दसऱ्याला तिला हळदकुंकू लागते. एकदा स्वप्नालीने ती दुपारपुरती बाहेर काढली, तर मी विचार न करता तिच्या जागी चिठ्ठी ठेवली. ती हसली, पण परत आणल्यावर म्हणाली, "फाडा मॅडम, तुमची आहे."

दुसरी गोष्ट चौकच्या रमेशशेठची. चौकला हमरस्त्याला त्यांचे गॅरेज आहे, जमीन मात्र आमच्या भागात. त्यांना त्यांच्या जुन्या परवानगीच्या कागदाची नक्कल हवी होती. स्वप्नालीने पाच मिनिटांत छापून दिली. शेठनी ती उलटसुलट करून पाहिली आणि हा आपला कागद नाही म्हणाले. नाव त्यांचे, गट त्यांचा, सही त्यांची. पण त्यांचे म्हणणे, त्यांच्या कागदावर उजव्या कोपऱ्यात तेलाचा अंगठा उमटलेला आहे, तो त्यांच्या वडिलांचा, आणि या नकलेवर तो नाही. प्रत काढणाऱ्या मंडळींनी पाने स्वच्छ दिसावीत म्हणून सगळे डाग पांढरे करून टाकले होते. शेवटी मी मूळ कागद काढला. अंगठा होता. शेठनी त्यावर आपला अंगठा ठेवून पाहिला आणि मग छापलेली नक्कल घेऊन गेले. तेव्हा मी हे हसून सोडून दिले. यंत्राला काय ठेवायचे आणि काय पुसायचे हे कळत नाही, ते आपण सांगायचे असते, आणि सांगताना आपण कपाटाकडे नाही तर रजिस्टराकडे बघतो, हे मला पोशीरच्या वहीने शिकवले.

तर तो सोमवार.

सुमनताई आदल्या आठवड्यातही येऊन गेल्या होत्या, तेव्हा मी रजेवर होते. त्यांची भाची प्राजक्ता हिला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, पण कच्चा. जात पडताळणीचा दाखला आणला तरच पक्का. पडताळणीच्या समितीला शाळेच्या दाखल्यापेक्षा जुनी नोंद हवी होती. जुन्या काळी गावात मूल जन्मले की कोतवाल वहीत लिहीत असे: दिवस, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी. ती वही म्हणजे शेवटचा पुरावा. समितीपुढे शुक्रवारची तारीख होती आणि ती आधीच दोनदा पुढे गेलेली. या वेळी पान नसेल तर जागा दुसऱ्याला, असे कॉलेजने प्राजक्ताला सांगून टाकले होते. प्राजक्ताचे वडील नाहीत. धावपळ आत्याच करत होती.

"मागच्या टायमाला या ताईंनी मशिनमधी बगितलं," सुमनताई म्हणाल्या. "पोशीर हाय म्हनाल्या. पन आत एकच पान हाय. आमचं येवढं मोटं गाव, मॅडम, एका पानात मावंल व्हय?"

स्वप्नालीने पडदा माझ्याकडे वळवला. वर लिहिले होते: पोशीर, जन्ममृत्यू वही, उपलब्ध. खाली एक पान. त्या पानावर वळणदार, जरा जास्तच मन लावून काढलेले अक्षर होते.

पोशीरची वही वारस चौकशीसाठी खालापूर कार्यालयास दिली आहे. परत आल्यावर ही चिठ्ठी फाडावी.

खाली माझी सही.

ती सही मी आता तशी करत नाही. नव्या नोकरीतली, लग्नाआधीच्या आडनावाची. प्रत काढणाऱ्यांनी माझ्या यादीप्रमाणे बस्ता उघडला, पोशीरच्या जागी जे सापडले ते यंत्राखाली धरले, आणि यादीत पोशीरपुढे खूण केली. त्यांची काहीच चूक नव्हती. त्या यादीवर तपासले म्हणून जी सही आहे, तीही माझीच. नव्या आडनावाची.

"म्हंजे आमी खालापूरला जायाचं का?" सुमनताईंनी विचारले.

प्राजक्ता हळूच म्हणाली, "आत्या, शुक्रवार आहे गं."

मी त्यांना बसवले, चहा मागवला आणि खालापूरच्या कार्यालयाला फोन लावला. तिथल्या कुंदाताई माझ्या जुन्या सहकारी. त्यांनी दुपारपर्यंत कपाटे पाहिली आणि सांगितले की पोशीरचे तिथे काही नाही, आणि आमच्या गावांच्या वह्या ठेवून घ्यायला त्यांच्याकडे जागाही नाही. मी सुमनताईंना माझा नंबर दिला आणि म्हटले की वही मी शोधते, तुम्ही दोघी घरी जा. डायरीत लिहिले: पोशीर वही शोधणे. शुक्रवारच्या आत. खाली दोन रेघा मारल्या. मी एरवी रेघा मारत नाही.

मंगळवारी संध्याकाळी घरी जुन्या डायऱ्या काढल्या. चिठ्ठी लिहिल्यानंतर वर्षभरात माझी बदली खालापूरला झाली होती आणि तिथे मी बरीच वर्षे काढली. एकेक पान बघत गेले. ह्यांनी दोनदा चहा विचारला आणि तिसऱ्यांदा न विचारताच आणून ठेवला. साडेआठच्या सुमारास खालापूरच्या दुसऱ्या वर्षात ओळ सापडली: पोशीर वही कर्जतला परत, भिकूमामांच्या हाती. पुढे बरोबरची खूण.

म्हणजे वही मीच कर्जतहून पाठवली आणि मीच खालापूरहून परत केली. डायरीप्रमाणे काम झालेले होते. मी मनाशी म्हटले, बये, तुझ्या खुणा काय कामाच्या?

बुधवारी कक्ष उघडल्या उघडल्या पोशीरचा बस्ता सोडला. आत चिठ्ठी जागेवर, कडा पिवळ्या झालेल्या. वही नाही. मग स्वप्नाली, मी आणि सध्याचे शिपाई मिळून आजूबाजूचे बस्ते सोडले, बांधले, सोडले, बांधले. बांधणे हे निम्मे काम आहे. गाठ सैल राहिली की वाळवीला वाट मिळते. संध्याकाळपर्यंत आमचे हात लाल झाले होते, कापडाच्या रंगाने, आणि रजिस्टरातल्या एकूण एक बस्त्याच्या जागा बघून झाल्या होत्या. सुमनताईंचा फोन आला. मी खरे ते सांगितले. पलीकडून त्या एवढेच म्हणाल्या, "बघा मॅडम. पोरीनं बॅग भरून ठेवलीया."

आता विचारायला एकच माणूस उरला होता. भिकूमामा निवृत्त होऊन चौकला गावी राहतात. फोन उचलत नाहीत, कारण फोनवर माणसाचे तोंड दिसत नाही. गुरुवारी सकाळी सातला मी स्कूटर काढली, रेनकोट चढवला आणि चौकचा रस्ता धरला. मामा सकाळी कुठे असतात हे माहीत होते. रमेशशेठच्या गॅरेजमध्ये, ट्रकच्या जुन्या टायरवर, वर्तमानपत्र घेऊन.

मला बघून त्यांनी घड्याळ पाहिले. "रजा टाकलीत का दांडी?"

"कामावर जाता जाता आले, मामा."

"कर्जतवरनं कर्जतला जाताना चौक लागत नाय, मॅडम. बोला."

मी पोशीरचे नाव काढले. ते जरासुद्धा आठवत बसले नाहीत.

"पोशीरची वही ना? ती तर तुमची वाट बगत बसलीया."

"कुठे?"

"हिरव्या बस्त्यात. आता बगा. चिठ्ठी तुमची. ती फाडायची तुमी. तुमी बसल्या खालापूरला. मी कशी फाडू? आन् चिठ्ठी हाय तवर वही आत जाईल कशी? दोनी एका जागी ठेवली तर मागनं येनारा काय समजंल, वही हाय का नाय? म्हनून ठेवली हिरव्यात. असं ज्याचं ज्याचं ऱ्हायलंय ते हिरव्यात."

"रजिस्टरात हिरवा बस्ता नाही, मामा."

"नसनारच. तो काय बस्ता हाय? ती वाट बगायची जागा हाय. आज वही हाय, उद्या नाय. ते कुटं लिवायचं?"

"मग मी परत आले तेव्हा सांगितलं का नाही?"

"तुमी आल्या तवा मी रिटायर होऊन दीड म्हयना झालता. तुमी पेढे घेऊन आलात. तब्येत इचारली, सुनंचं इचारलं, गुडघ्याचं इचारलं. वहीचं नाय इचारलं."

रमेशशेठ जॅकशेजारून सगळे ऐकत होते. मी यंत्राने चिठ्ठीचीच प्रत काढल्याचे सांगितले तेव्हा पाना हातात धरून ते उभे राहिले. "म्हणजे माझ्या बापाचा अंगठा पुसला," ते म्हणाले, "आणि मॅडमची चिठ्ठी ठेवली."

मामा हसले आणि टायरवरून जवळजवळ खाली आले. मलाही हसू आले, पण घड्याळात आठ वाजत होते. तिथूनच स्वप्नालीला फोन केला. ती नेरळहून लवकर येते. विचारले की हिरव्या कापडात बांधलेले काही खोलीत कुठे पाहिले आहे का.

ती म्हणाली, "मॅडम, आधी यूपीएस बंद करू का?"

वीज गेली की संगणक लगेच बंद पडू नये म्हणून जो जड डबा असतो, तो यूपीएस. आमच्या खोलीत पावसाळ्यात जमिनीतून ओल येते, म्हणून तो उंचावर ठेवावा लागतो. माझ्या डायरीत दर मे महिन्यात 'पावसाळ्यापूर्वीची कामे' असे पान असते आणि त्यात तिसरे काम: यूपीएस जमिनीवरून उचलणे. काही वर्षांपूर्वी मीच तेव्हाच्या शिपायाला विचारले होते, उंच काय आहे आपल्याकडे? तो म्हणाला, दारामागं एक गाठोडं हाय, नंबर नसलेलं. मी म्हटले होते, नंबर नाही ना, मग घे. आणि खूण केली होती. दर वर्षी करत होते. गावांचे सगळे कागद संगणकात ज्याच्या जोरावर चालत होते, तो डबा पोशीरवर उभा होता.

मी पोहोचले तेव्हा गाठोडे टेबलावर होते, न सोडलेले. स्वप्नालीने गाठीला हात लावला नव्हता. "तुमची वाट बघत होते," ती म्हणाली. ही आता आमच्याकडची झाली, हे मला त्या दिवशी कळले.

आत तीन वह्या होत्या. वरची एका गावाची, चांगली. मधली पोशीर. कापडाच्या घडीची खूण पुठ्ठ्यावर उमटलेली, बाकी कोरडी खडखडीत. सर्वांत खालची मात्र ओल धरून बसली होती. तिची शेवटची पाने एकमेकांना चिकटून विटेसारखी झाली आहेत. ती सुटणार नाहीत. तिच्यातल्या गावाचे नाव इथे लिहीत नाही. त्या पानांवर कोणाकोणाचे जन्म होते हे आता कोणालाही सांगता येणार नाही, आणि एखाद्या प्राजक्ताची आत्या कधीतरी ते विचारायला येईल. त्या दिवशीच्या आनंदात हे एवढे खाली बसलेलेच होते.

सुमनताई आणि प्राजक्ता दुपारी दीडला आल्या. रिक्षातून उतरताना सुमनताईंची चप्पल तुटली ती त्यांनी हातात घेऊनच आत आणली. नोंद शोधायला तासभर लागला. सुदैवाने मोडीत नव्हती, बाळबोध होती, पण शाई चहाच्या रंगाची झालेली. प्राजक्ताचे पणजोबा म्हणजे सुमनताईंचे आजोबा. साल साधारण माहीत होते, महिना माहीत नव्हता, पण "भात लावायच्या टायमाला" एवढे घरात बोलले जाई. प्राजक्ताचे बोट आधी थांबले. बापाचे नाव धर्मा. जात. पुढे एकच शब्द: मुलगा.

सुमनताईंनी डोळे बारीक केले. "नाव नाय का लिवलं त्याचं?"

"बारशाच्या आधी लिहायचे, ताई. त्यामुळे फक्त मुलगा."

त्या पानावर आणखी वाकल्या. "गावभर आरडत फिरायचा आमचा आजा," त्या म्हणाल्या. "कोनाला बोलू द्यायचा नाय. आन् हितं बघ गं कसा गप पडलाय." मग पदराने तोंड पुसले आणि माझ्याकडे वळल्या. "चालंल का ह्ये, बिननावाचं?"

बापाचे नाव आणि जात हीच समितीला हवी होती, त्यामुळे चालणार होते. स्वप्नालीने पानाची प्रत काढली, मी मूळ पानाशी ताडून खाली खरी नक्कल असे लिहिले, साहेबांची सही घेतली, शिक्का मारला. शिक्का जरा तिरका बसला. सुमनताईंनी दुसरा मागितला, सरळ. मी दिला. कागदावर इतके प्रेम असलेल्या माणसाला नाही कसे म्हणायचे?

त्या गेल्यावर मी पोशीरचा लाल बस्ता उघडला. वही जागेवर ठेवण्याआधी चिठ्ठी बाहेर काढली.

स्वप्नाली म्हणाली, "मॅडम, थांबा. ठेवून देऊ या का? असू दे."

मी म्हटले, "ठेवून दिली म्हणूनच हे झालं." आणि चिठ्ठी फाडली. आधी दोन तुकडे, मग चार, मग टोपलीत. मग वही आत, पुठ्ठा, कापड, गाठ. डायरीतल्या दोन रेघा मारलेल्या ओळीपुढे खूण केली आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा डबा वेळेवर खाल्ला, म्हणजे चार वाजता.

शुक्रवारी दुपारी प्राजक्ताचा निरोप आला की समितीने पान मान्य केले. समितीच्या टेबलावरच्या बाईंनी म्हणे शिक्क्यावर बोट फिरवून पाहिले, उमटलेला आहे की छापलेला. मला बरे वाटले. म्हणजे सवयी फक्त आमच्याच नाहीत. प्राजक्ता आता दुसऱ्या वर्षाला आहे. सुमनताई दिवाळीच्या आधी येऊन गेल्या, त्यांनी माझा रक्तदाब कुठल्या हाताला मोजतात याची चौकशी केली आणि भाची म्हणते ते बरोबर हे मला ठणकावून सांगितले.

नंतर आम्ही यादी नव्याने केली. या वेळी रजिस्टर खणात ठेवले आणि कपाटे उघडली. आधी वस्तू बघायची, मग लिहायचे. असे करताना संगणकात वह्या म्हणून बसलेल्या आणखी सात चिठ्ठ्या सापडल्या. त्यातल्या पाचांच्या वह्या कक्षातच होत्या. दोन अजून बाहेर आहेत, त्यांचा पत्रव्यवहार चालू आहे. हिरव्या बस्त्याला मी रजिस्टरात जागा दिली. भिकूमामांना हे पसंत नाही. त्यांच्या मते वाट बघायच्या जागेला नंबर दिला की लोक तिथेच मुक्काम करतात. बघू.

पोशीरच्या वहीची सगळी पाने आता संगणकात आहेत. पण नव्याने चढवली म्हणून ती यादीच्या शेवटी आहेत. जुन्या जागी अजून चिठ्ठीच आहे. कोणीही पोशीर असे शोधले की आधी माझे अक्षर येते, आणि वही खालापूरला दिली आहे असे सांगते. लोक बिचारे खालापूरला जातात. कुंदाताईंचा महिन्यातून एकदा तरी फोन येतो, "आज अजून एक आले गं. चहा पाजून परत पाठवलेत."

एकदा अंतिम म्हणून चढवलेले पान आम्हाला काढता येत नाही. त्यासाठी वरच्या कार्यालयाची परवानगी लागते. मी पत्र पाठवले. चार महिन्यांनी उत्तर आले की सदर पान म्हणजे वही नसून चिठ्ठी आहे याच्या खात्रीसाठी मूळ चिठ्ठी प्रस्तावासोबत जोडावी.

मूळ चिठ्ठी मी फाडली. नियमाप्रमाणे.

तसे कळवले आहे. फाडल्याचा पुरावा मागितला आहे. स्वप्नाली साक्ष द्यायला तयार आहे, पण कंत्राटी माणसाची साक्ष चालते का, हे विचारणारे पत्र वेगळे पाठवावे लागले. तोवर तिच्या पडद्याच्या कडेला मी एक कागद चिकटवला आहे: पोशीरसाठी यादीतला शेवटचा क्रमांक पाहावा. आतली चिठ्ठी निघाल्यावर हा कागद फाडावा. खाली माझी सही.

आजच्या डायरीत, न झालेल्या कामांत, पहिली ओळ हीच आहे. काल होती, परवा होती. उद्याच्या पानावर मी ती आताच लिहून ठेवली आहे.